बहात्तर मार्कांचा ‘पास’

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. पण ऐका.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी. झालो, भोकरदनला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘सी’ ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागलो. वडील चावडीवर सांगायचे, “आमच्या पोऱ्याचं मशीन ऐकतं.” गर्व होता मला. आजही आहे — मग हे कसं झालं?

क्लासच्या मालकांनी निकालाला पालक बोलावले. प्रत्येक पोरानं कीबोर्डवर स्वतःचे मार्क दाबायचे, निकाल पडद्यावर. प्रोग्राम माझा. मी पहिली अट लिहिली होती — पस्तीस किंवा जास्त असतील तर ‘पास’. त्याखाली, एल्स इफ, म्हणजे ‘नाहीतर जर’, साठ किंवा जास्त असतील तर ‘फर्स्ट क्लास’. आता सी काय करतं? वरून पाहतं. पहिली अट खरी निघाली की खालच्या एल्सकडं ढुंकूनही बघत नाही. साठवाला पस्तीसच्या अटीतच अडकणार. मी तपासताना तीस टाकले, चाळीस टाकले. साठच्या वर टाकायचं सुचलंच नाही. का नाही सुचलं?

साठच्या वर एकटी संगीता होती. केदारखेड्याची. तिचे वडील, आण्णा, जीपनं आले होते, धुतलेलं धोतर नेसून. त्यांची अट सगळ्या क्लासला माहीत — फर्स्ट क्लास आला तर पुढं शिकायला औरंगाबाद, न्हाई तर शिक्षण बंद.

तिनं बहात्तर दाबले. ‘पास’.

“आण्णा, बहात्तरला फर्स्ट क्लास असतो,” ती म्हणाली.

“मंग मशीन काय खोटं बोलून राह्यली का? सर, तुमीच सांगा.”

मला त्याच क्षणी कळलं होतं. अटी उलट्या लागल्यात. दोन ओळींची अदलाबदल, बस्स. पण मागं मालक उभे, पालक उभे, आणि दारात — माझे वडील. त्यांनाही मीच बोलावलं होतं.

“मशीन चुकत नाही, आण्णा,” मी म्हणालो.

आता सांगा, मी खोटं बोललो का? मशीन चुकलंच नव्हतं. मी सांगितलं तेच त्यानं केलं. किती वेळा मी असं घोळवून पाहिलंय — मालक नसते तर? वडील नसते तर? तिनं जरा भांडून विचारलं असतं तर? प्रत्येक अट खरी वाटते, आणि एकीतूनही बाहेर पडता येत नाही. भीती होती की घमेंड? की एका पोरीचं शिक्षण मला तेवढं मोठं वाटलंच नाही?

आण्णा हसून म्हणाले, “चल बाई, पास तर झालीस.” संगीता माझ्याकडं बघत होती. तिला कळलं होतं का? माहीत नाही. परत क्लासला आली नाही. केदारखेडा काही दूर नाही. मी गेलो नाही.

पालक गेल्यावर दार लावून त्या दोन ओळी बदलल्या. मिनिटभराचं काम.

पुढं मी ही चूक दर वर्षी फळ्यावर लिहायला लागलो. पोरं हसायची — “सर, असं कोण लिहितं?” “लिहितात काही येडे,” मी म्हणायचो, आणि त्यांच्यासोबत हसायचो. मग प्रोग्राम सुधारून चालवायचो. पहिला आकडा नेहमी बहात्तर टाकायचो.

बराबर यायचं. फर्स्ट क्लास.