पडद्यामागच्या बायका

निपाणीच्या जयाबाईला सिनेमानं फसवलं, असं लोक सांगतात. साफ खोटं! सिनेमा बिचारा मुका. फसवलं ते भावकूनं.

जयाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. नवरा मष्णू चौदा सालच्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला गेला तो गेलाच. लढाई संपली, बरोबरचे गडी माघारी आले, मष्णूचा ठावठिकाणा नाही. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं नि हात झटकले. काही वर्षं गेल्यावर भाऊ परशराम यानं संकेश्वरच्या आण्णाप्पाशी तिचा पाट लावायचं ठरवलं. आण्णाप्पा बिजवर, पण माणूस लाखातला. तो घरी येऊन गेला तेव्हा जयाबाईलाही मनातून पसंत पडला होता, उगाच कशाला लपवायचं!

पंचांनी होकार दिला, आणि त्याच आठवड्यात तंबूतला सिनेमा निपाणीला आला.

तंबूत मधोमध पडदा. पुढं गडीमाणसं, मागं बायका. चित्र दोन्हीकडून दिसायचं, पण बायकांना उलटं. जयाबाई तिसरी शिकलेली, तरी पडद्यावरची उलटी अक्षरं तिला काही लागेनात. म्हणून बायकांचा सगळा भरवसा भावकूवर. हा पडद्याच्या कडेला उभा राहून मराठीत नि कानडीत गोष्ट सांगायचा, आणि सांगायचा मात्र झकास.

गोष्ट एका शिपायाच्या बायकोची. ती दारात दिवा लावून वाट बघते. शेवटी धुक्यातून शिपाई येतो, उंबऱ्यापाशी थांबतो. बोलत नाही, हलत नाही. वारा सुटलेला, झाडं वाकतायत, आणि त्याच्या पटक्याचा पाठीवर सोडलेला शेमला तेवढा जागच्या जागी. बायको हात पुढं करते आणि सगळा पडदा पांढरा होऊन जातो. जयाबाईच्या अंगावर काटा आला. एवढ्या गर्दीत हे आपल्या एकटीसाठीच चाललंय, असं तिला वाटलं. तेवढ्यात भावकूनं हाळी दिली, "आला गं बायांनो, धनी आला!" बायकांनी टाळ्या पिटल्या.

घरी येऊन ती भावाला म्हणाली, "अण्णा, पाट नगं. त्ये येनार हाईत."

"कुनी सांगितलं तुला?"

"मी बघून आलो न्हवं!"

परशरामनं कपाळावर हात मारून घेतला. आण्णाप्पानं वर्षभर कळ काढली, मग दुसरीशी लग्न केलं. त्याचं तरी काय चुकलं?

पुढं एकदा जयाबाई मामेबहिणीकडं बेळगावला गेली. तिथल्या थेटरात तोच सिनेमा, पडद्याशी तोच भावकू. इथं बायकांची बाकं पुढच्याच बाजूला होती. शिपाई उंबऱ्यापाशी थांबला. जयाबाई हसऱ्या तोंडानं हाळीची वाट बघत बसली. भावकू गप्प! शहरातली माणसं वाचणारी, त्यांच्यापुढं हा कशाला तोंड उघडतोय? पडद्यावर ठळक अक्षरं आली: 'तो केव्हाच रणात पडला होता. दारात उभा होता तो तिचा भास.'

त्या शिपायाला वारा का लागत नव्हता, ते तिला आत्ता कळलं. चित्र पहिल्यापासून खरंच सांगत होतं.

खेळ सुटल्यावर तिनं भावकूला दाराशीच गाठलं. "निपाणीत धनी आला म्हनलास, त्ये कशापायी?"

भावकू हसला. "आक्का, बाया रडत घरी गेल्या तर दुसऱ्या दिवशी तंबूत कोन येनार? सगळ्यास्नी लई आवडलं की त्ये."

"आवडलं न्हाय रं मुडद्या, मी खरं मानलं! त्यापायी चांगल्या मानसाला माघारी लावलं. धनी मेला असता तर मी सोसलं असतं. तू त्येला जिता करून माझ्या दारात उभा केलास, आनि आत काय येऊ दिला न्हाईस."

भावकू खाली मान घालून विडी शोधू लागला. जयाबाई तिथंच थेटराच्या पायरीवर बसली, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिनं मष्णूच्या नावानं गळा काढला.