नाना मिस्तरींचा दोर

देवपूरला नाना मिस्तरींच्या दुकानात फळ्या आवळून धरणारा लोखंडी शिकंजा कधीच नव्हता. मोठं टेबल किंवा दाराची फळी जोडायची असली, की ते सांध्यांना चुलीवर पातळ केलेला सरेसाचा डिंक लावत, फळ्यांभोवती बैलगाडीचा दोर गुंडाळत, त्यात दांडकं अडकवून पीळ भरत आणि राहिलेल्या फटीत पाचरी ठोकत. फळ्या वाकू नयेत म्हणून वर पांझरा नदीतले गोटे. कुणी हसलं तर म्हणत, "लाकूडले धाक जोयजे. तो लोखंडना राहो का दोरना."

याच्यावरूनच धाकट्या भावाशी, भिकाशी, त्यांचं बिनसलं. भिकाला शिकंजे आणायचे होते, नानांना ती उधळपट्टी वाटे. एकदा फारच बोलाचाली झाली आणि भिका जळगावला मेहरूणमध्ये जाऊन राहिला. नाना त्याचं नाव काढत नसत. पण जळगावची मोटार आली की रंधा थांबवून रस्त्याकडे बघत. मी समोरच राहायचो, मला दिसायचं.

आणि एका सकाळी भिका खरंच आला. मी माझ्या टेबलाची चौकशी करायला तिथे बसलो होतो. नानांनी नुकताच सरेस लावला होता, पीळ भरत होते. सरेस निवला की सांधा धरत नाही आणि दांडकं सोडलं की सगळा पीळ उलटा फिरतो. दारात भिका, खांद्यावर पोतं. नानांनी मान वर केली नाही.

"थांब जरा. सरेस थंडा होई जाई."

ते रागानं नव्हे, सवयीनं बोलले होते, याचंच मला आजही वाईट वाटतं. भिका थोडा वेळ उभा राहिला. मग पोतं खाली ठेवलं.

"तुले अजून सरेसच सख्खा शे, भाऊ," म्हणाला आणि गेला.

दांडकं कसंबसं बांधून नाना स्टँडकडे धावले. मोटार सुटली होती. पोत्यात तेल लावलेले नवे शिकंजे निघाले. नाना ते मांडीवर घेऊन बसून राहिले. मेहरूणला जायचं त्यांनी किती वेळा ठरवलं. हातातलं काम उरकलं की, कापूस घरात आला की. शेवटी जाणं झालं ते भिकाच्या दहाव्याला.

शिकंजे त्यांनी कधीच वापरले नाहीत. पण पुढे, सरेस लावलेला असताना दारात कुणीही आलं, नुसता पत्ता विचारायला आलेला माणूस असला, तरी नाना दांडकं सोडून उठत, त्याला बसवत, पाणी देत. मागे दोर सैल पडे, सांधे उघडत, गिऱ्हाइकं कटकट करत. मीही एकदा बोललो.

"फळ्या परत जोडता येतस," नाना म्हणाले आणि सरेस पुन्हा चुलीवर ठेवला.