आत्याबाईंनी बंद केलेला शेक

आत्याबाई गेल्या त्या सकाळी मला उठताच आलं नाही. भिंगारच्या आमच्या क्वार्टरसमोर माणसं जमली होती, आत रडारड चालली होती आणि घरची सून खाटेवर पडून होती. दारातून कुणीतरी म्हणालंच, काल तर ही नळापर्यंत चालत गेली होती. ऐकून मला रागसुद्धा आला नाही. रागालाही ताकद लागते... आत्याबाई असत्या तर त्यांनी त्या बाईला तिथल्या तिथं गप्प केलं असतं. पण त्यांनाच बाहेरच्या खोलीत निजवलेलं होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, देवळाली प्रवरेच्या ऊसवाल्या घरातल्या. मुलाला लष्कराच्या डेपोत कारकुनी लागली म्हणून त्या आमच्याबरोबर भिंगारला आल्या, आणि थोड्याच दिवसांत माझं दुखणं सुरू झालं. आधी एका डोळ्यापुढं धुकं आलं आणि आपोआप गेलं. मग पाय जड, बोटं बधिर, मधले काही महिने अगदी ठणठणीत. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस, मज्जातंतूंचं दुखणं. औषध नाही म्हणाले. आजारी माणसानं रोज आजारी दिसावं अशी लोकांची साधी अपेक्षा असते. मी मात्र सोमवारी भाकरी थापायचे आणि मंगळवारी मला पेला धरवत नसे. सगळे म्हणत, नाटकं आहेत. थोरले दीर तर एकदा माझ्यादेखत म्हणाले, हिला माहेरी पाठवा, पोराचं दुसरं बघू. आमचे हे खाली मान घालून बसले. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "ती हितंच ऱ्हाईल. मी शेकून उबी करीन तिला."

शेकण्यात त्यांचा सगळा जीव. बाळंतीण असो, पाय लचकलेला असो की अंगावरून वारं गेलेला, त्यांच्याकडे उपाय एकच. ओवा-लसणाचं तेल चोळायच्या, तापलेली वीट फडक्यात गुंडाळून पायांवरून फिरवायच्या आणि वर निरगुडीच्या पाल्याचं कढत पाणी. स्वतःची बोटं भाजून घ्यायच्या. मोरीतून बाहेर येईतो माझे पाय कापसाचे झालेले असत आणि डोळ्यांपुढं पुन्हा धुकं. मग त्या म्हणत, दुखणं मुरलंय, शेक वाढवला पाहिजे. इतक्या मायेनं केलेल्या गोष्टीला नको कसं म्हणायचं? म्हटलं असतं तर तेही नाटकातच जमा झालं असतं.

बहात्तरच्या दुष्काळात, दिवाळीनंतर, पाणी टँकरनं येऊ लागलं आणि आंघोळी बंद झाल्या. शेकल्यावर कढत पाणी अंगावर घ्यायलाच हवं असा आत्याबाईंचा नेम, म्हणून शेकही राहिला. त्या गार ओल्या फडक्यानं माझं अंग पुसून घेत. काही दिवसांनी एका सकाळी मी माझी मी दारापर्यंत चालत आले. उंबऱ्यात बसलेल्या आत्याबाई बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माज्या शेकानंच जात हुते व्हय गं तुजे पाय?"

मी नजर वळवली, त्यातून त्यांना कळलं. "सांगायचं न्हाई का पोरी," एवढंच म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, फार बरंही वाटलं. माझं शरीर जे सांगत होतं ते दुसऱ्या कुणाला तरी पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

आजार काही गेला नाही, वाढतच राहिला. पण त्यानंतर मला कधी कारण द्यावं लागलं नाही. सकाळी चेहरा बघून त्या "आज न्हाई ना?" म्हणायच्या आणि माझी कामं उचलायच्या. या आजारात थकवा येतो तो येतोच. त्याहून जास्त थकवतं ते समजावून सांगणं. ते कष्ट त्यांनी वाचवले होते...

दिवसवार झाल्यावर देवळालीच्या नणंदबाई मागं राहिल्या. स्वभावानं आईसारख्याच. काल त्यांनी लसणाचं तेल कढवलं, चुलीत वीट सरकवली आणि म्हणाल्या, आईची उणीव भासू देणार नाही. मी म्हटलं, "नको वन्सं, मला गरम सोसत नाही." त्या हसल्या आणि त्यांनी जाळ वाढवला. दुसऱ्यांदा समजावण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आत्याबाईंनीच बंद केला होता."

वन्संचा हात थांबला. "आईनं?"

मी मान हलवली. त्यांनी चिमटा घेतला आणि वीट बाहेर ओढली.