पाच फूट पावणेअकरा

"अंदाज सांगू नका, माप सांगा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल. बघा, हे 'शेकडो'सुद्धा त्यांना चाललं नसतं. वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचा उजवा हात खिशात जायचा आणि स्टीलची टेप बाहेर यायची. बारा फुटी, पिवळी, कडा झिजून पांढऱ्या पडलेली.

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावाजवळच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात आम्ही दोघे कामाला होतो. मी ड्रॉइंग विभागात, ते इन्स्पेक्शनला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, मूळचे नागपूरचे. घरं जवळ म्हणून रोज माझ्याच गाडीने जायचो. त्यांनी एकदा नापास केलेला माल खुद्द मॅनेजरलाही पास करून घेता यायचा नाही. "एक केस जास्त आहे," एवढंच म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे.

एका वर्षी आमच्या मंडळाने गणपतीसाठी हौसेने मोठं मखर बांधलं. यांनी आदल्या दिवशी टेप लावून सांगितलं, "हॉलच्या दारातून हे जाणार नाही. दीड इंच जास्त आहे." सगळे हसले. "अहो, तिरकं करून जाईल की!" दुसऱ्या दिवशी मखर दारात अडकलं आणि बाप्पा पार्किंगमध्ये. हे गृहस्थ एका शब्दाने 'सांगितलं होतं' म्हणाले नाहीत. गाडीच्या डिकीतून करवत काढली. घरून निघतानाच ठेवली होती!

त्यांचा मुलगा निखिल. शाळेत सगळे त्याला निक म्हणत. तो शाळेच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होता. आपल्या पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, तो अमेरिकन. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन धावत्या गड्याकडे फेकणारा, टीमचा मुख्य माणूस. समोर धिप्पाड पोरांची भिंत असते, तिच्यावरून पलीकडचं दिसायला हवं. म्हणून कॉलेजवाले खेळाआधी उंची बघतात.

वडिलांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दर शनिवारी दुपारी चौकटीची वही घेऊन बाकावर हजर. मला बरोबर ओढायचे. पोराने फेकलेला प्रत्येक चेंडू वहीत उतरायचा: किती यार्ड, कुठे पडला, किती चुकला. एकदा मला कोपराने ढोसून म्हणाले, "तीस यार्डांवर एक फूट इकडेतिकडे. हा माल मी पास केला असता." या माणसाच्या तोंडची एवढी तारीफ मी आधी ऐकली नव्हती, नंतरही नाही.

निखिलला कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं होतं. दुसरं काहीच नको होतं त्याला. अकरावीच्या शेवटी दोन-तीन कॉलेजांचे छापील फॉर्म आले. नाव, वजन, उंची, कोचचं नाव. हे भरून पाठवायचं, मग कॉलेजचा माणूस मैदानावर बघायला येणार. टाइपरायटर माझ्याकडे होता, म्हणून बापलेक संध्याकाळी माझ्याकडे आले.

उंचीचा रकाना आला. त्यांनी पोराला बूट-मोजे काढायला लावून स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, टेप लावली.

"पाच फूट पावणेअकरा."

"डॅड, सकाळी पाच-अकरा भरतो मी," निखिल म्हणाला. इंग्रजीतच, तो नेहमी इंग्रजीतच बोलायचा.

"माप संध्याकाळीच घ्यायचं. दिवसभरात माणूस थोडा खाली बसतो. सकाळचं माप म्हणजे फुशारकी."

मी हळूच म्हटलं, "अहो, कोच परवा सांगत होता, सगळे पालक दोन इंच वाढवून लिहितात. सहा-एक लिहा म्हणाला."

ते असे तडकले! "मग तुम्ही ड्रॉइंगमध्येही दोन इंच वाढवता का? खोटं माप माझ्या हातून जाणार नाही."

मी कागद टाइपरायटरवर चढवला. त्यांनी सांगितलं तेच टाइप केलं. बोटं माझी होती. एकच आकडा बदलायचा होता, आणि त्यांनी फॉर्म परत वाचलाही नसता, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास. पण मला वाटलं, खरं तर खरं, त्यात पोराचं काय वाकडं होणार?

पानगळ आली, सामने सुरू झाले. निखिल असा खेळला की शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बायका उभ्या राहून ओरडायच्या. पण कॉलेजचा कोणी फिरकला नाही. दर शनिवारी हे वहीतून मान वर करून फाटकाकडे बघायचे. वहिनी घरी रोज पत्रपेटी उघडायच्या.

शेवटच्या सामन्याला, आम्ही फॉर्म पाठवलेल्या एका कॉलेजचा रिक्रूटर, म्हणजे खेळाडू निवडणारा माणूस, आला. समोरच्या शाळेच्या क्वार्टरबॅकला बघायला. सामना निखिलच्या टीमने जिंकला, तरी तो माणूस हात मिळवायला गेला हरलेल्या पोराकडे. दोन्ही पोरं शेजारी उभी होती. यांनी एक डोळा मिटून बघितलं आणि माझा दंड धरला. "तो निखिलपेक्षा इंचभर बुटका आहे."

ते तडक रिक्रूटरकडे गेले, मी मागोमाग. माणूस सभ्य होता. टोपी काढून बोलला. त्या पोराच्या फॉर्मवर सहा फूट एक होतं.

"ते खोटं आहे!"

"ठाऊक आहे, सर. सगळेच वाढवून लिहितात. म्हणून आम्ही प्रत्येकाचे दोन इंच कापतो. कापून पाच-दहाच्या खाली आला, की फॉर्म बाजूला."

"माझ्या मुलाचे पण कापलेत?"

"खरं लिहिणारं कोणी भेटलं नाही हो आजवर."

यांनी खिशातून टेप काढली. "आत्ता मोजा. तो बघा, इथेच आहे. आत्ता मोजा."

"आमच्या जागा भरल्या, सर. आय अ‍ॅम सॉरी."

निखिल हेल्मेट हातात धरून चार पावलांवर उभा होता. सगळं ऐकलं त्याने. गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला. उतरताना म्हणाला, "सगळ्यांचे बाप त्यांच्यासाठी खोटं बोलले, डॅड. तुम्ही एकदासुद्धा नाही बोललात."

तेही उतरले. टेप माझ्या डॅशबोर्डवरच विसरले. मी ती खणात ठेवली. त्यांनी पुन्हा मागितली नाही आणि मला द्यायचा धीर झाला नाही.

शाळा संपली तसा निखिल घर सोडून कोलोरॅडोत टायरच्या गोदामात कामाला लागला. फोन करायचा तो आईला. इकडे हे तीन वर्षांत दहा वर्षांनी म्हातारे झाले. एकदा मी ड्रॉइंग घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो, तर एक बेअरिंग बोटांत नुसतंच फिरवून त्यांनी पासच्या पेटीत टाकलं. "मोजलं नाहीत?" मी विचारलं. "चालेल," म्हणाले, "अंदाजे बरोबर आहे."

त्याच हिवाळ्यात, अंगणातल्या बर्फात फावडं मारताना ते कोसळले. हॉस्पिटलपर्यंतही पोचले नाहीत.

निखिल दुसऱ्या दिवशी दुपारी आला. रडला नाही. फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था बघतात तिथे, मी त्याच्याबरोबर गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, वजन, उंची. शवपेटीच्या मापासाठी लागतं म्हणे.

उंचीपाशी त्याचं पेन थांबलं.

"पाच-सात असतील," मी म्हटलं.

"अंदाज नको, काका." मराठीत म्हणाला. त्याचं मराठी मी किती वर्षांनी ऐकत होतो! "टेप आहे कुणाकडे?"

मी गाडीशी गेलो, खणातून ती पिवळी टेप काढली, आणि तिथेच दोन मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलो.

त्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. मी टाचेशी टेप धरली. निखिलने ती डोक्यापर्यंत नेली, वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला. "पाच फूट सव्वासहा."

मग फॉर्म भिंतीला टेकवून लिहिता लिहिता त्याने विचारलं, "किती वाजले, काका?"

"साडेपाच."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "माप संध्याकाळीच घ्यायचं." आणि वडिलांच्या पायांवर डोकं ठेवून ते पोर ओक्साबोक्शी रडायला लागलं.