नानांना दाखवल्याशिवाय गाडी नाही

जुनी गाडी बघायला माणूस एकटा गेला तर गाडी घेऊन येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेला तर फक्त किस्से घेऊन येतो. माझ्याकडे एवढे साठलेत की त्यांचाच सेकंडहँड बाजार मांडता येईल.

आधी भानगड सांगतो. मी इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. सोलर पंप दुरुस्त करायला शिकलो. शिरपूरच्या वरच्या डोंगरातल्या पाड्यांवर बसवलेल्या पंपांचं काम एका ठेकेदाराकडे होतं. तो म्हणाला, "काम तुझं. पण गाडी तुझी पाहिजे, आणि फोर बाय फोर पाहिजे, चारही चाकं ओढणारी. तिथं साधी गाडी चढत नाही. महिनाअखेरपर्यंत दाखव."

नवी घ्यायची ऐपत नव्हती. जुनी डिझेल बजेटात बसत होती. पैसे आबांचे, म्हणजे वडिलांचे. आबांची अट एकच, "नानाले दखाडाशिवाय गाडी लेवानी नई."

नाना म्हणजे आबांचे थोरले चुलतभाऊ. नानांनी आयुष्यात एकच वाहन वापरलं, स्कूटर. तीही हुंड्यात आलेली. पण आमच्या भाऊबंदकीत गाडी, जमीन आणि सोयरीक या तिन्ही गोष्टी नानांना विचारूनच होतात. तिन्हींचे निकाल मी लहानपणापासून बघतोय.

०

पहिली गाडी आमच्या जळगावातच, मेहरूणला. जुनं डिझेल इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं असतं. आजारी असेल तर तेव्हाच खोकतं. म्हणून मी सकाळी लवकर, न सांगता जायचं ठरवलं.

पोचलो तर गाडी दारात आधीच सुरू. बॉनेटवर हात ठेवला, चटका बसला.

"तुमच्याकडून फोन आला होता ना, गाडी तयार ठेवा म्हणून," मालक म्हणाला.

मी नानांकडे बघितलं. नाना ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होते.

"न सांगता कोणाच्या दारी जातात का रे?" नाना म्हणाले. "आन माणूस दख, कितला चांगला शे. चहाबी गरम, गाडीबी गरम."

०

दुसरी धरणगावला. या वेळी इंजिन थंड होतं, आवाज बरा होता. मी गाडीखाली शिरलो. चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, नवाकोरा काळा रंग. किल्लीनं खरवडला तर खाली वेल्डिंग. म्हणजे गाडी कधीतरी मोडून जोडलेली.

वर नानांची चौकशी चालू होती. "मूळ गाव कोणतं? सासरवाडी? पारोळा? मग अमुक तुमचे कोण?" मी बाहेर येईपर्यंत मालक आमच्या नात्यात आला होता. कुठल्यातरी साडूच्या भाच्याचा मेव्हणा.

"नाना, चासी जोडलेली आहे," मी सर्वांसमोर सांगितलं.

नाना गोरेमोरे झाले. "पाव्हणा शे तो आपला. पाव्हण्यानी गाडीखाले घुसतस का कोनी?"

त्यानंतर घासाघीस नाही, तपासणी नाही. जेवण झालं. निघताना त्या माणसानं दोघा वडीलधाऱ्यांना टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला. परतीच्या वाटेवर आबा आणि नाना डोक्यावर नव्या टोप्या घालून बसले होते. मी मनात तारखा मोजत होतो.

"गाडी नई भेटनी ते नई भेटनी," नाना म्हणाले. "माणूस ते जोडाई गया."

०

तिसरी धुळ्याला. इंजिन झकास, चासी सरळ, कागद चोख. मी आत बसलो. गिअरशेजारी फोर बाय फोरचा दुसरा लिव्हर असतो, तिथं एक गोल लाकडी पाटी ठोकलेली.

"लिव्हर कुठंय?"

"होता. पाहुण्यांच्या गुडघ्याला लागायचा. काढून टाकला."

मागच्या सीटवरून नाना म्हणाले, "बेस करं. पाय लांबाले जागा झायी."

तेवढ्यात ठेकेदाराचा फोन. "शनिवारी गाडी नाही दिसली तर काम दुसऱ्या पोराला देतोय. त्याच्याकडे तयार आहे."

मी फोन ठेवला आणि तिथंच म्हणालो, "नाना, उद्यापासून तुम्ही येऊ नका."

आबांचा आवाज चढला. "मोठ्या माणसाशी असं बोलतोस? कॉलेज सोडलं तेव्हाच कळायला पाहिजे होतं आम्हाला."

"कॉलेजपण मोठ्या माणसांनीच निवडलं होतं."

जळगावला परत निघालो ते भाड्याच्या जीपनं. नाना वाटेत अमळनेरलाच उतरून एसटीनं गेले. आबा रात्री जेवले नाहीत. मीही विचारलं नाही.

०

शनिवारी सकाळी मी एकटाच मोटरसायकलवर निघालो. आबा येऊन मागे बसले.

गिरणेकाठचं गाव. मालक शेतकरी, तोंडाचा फटकळ. इंजिन थंडगार होतं, एका सेल्फमध्ये लागलं. खाली वेल्डिंग नाही. लिव्हर जागेवर. किंमत ठरली, मालक म्हणाला, "शब्द दिला."

"एकदा नदीत घालून बघतो," मी म्हणालो.

"त्या दुसऱ्या दांड्याला हात लावू नका. मी घेतल्यापासून कधी लावला नाही. तुटला तर तुमच्या अंगावर."

मालक माझ्या शेजारी, आबा मागे. वाळूत शिरलो तशी मागची चाकं रुतली. अजून रेस दिली, अजून खाली.

"झालं समाधान?" मालक म्हणाला. "आता ट्रॅक्टर बोलवा."

मी उतरलो. पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणारे हब हातानं फिरेनात, दगडानं ठोकून फिरवले. आत येऊन दांडा ओढला. तो हलेना. ठेकेदाराचा शनिवार होता. दोन्ही हातांनी ओढला. खालून कर्रर्र आवाज आला, मालकानं डोळे मिटले. मी क्लच सोडला.

पुढची चाकं वाळू पकडत गेली आणि गाडी सावकाश, जराही न घसरता, काठावर येऊन उभी राहिली.

मालक खाली उतरला. गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढच्या चाकावर हात ठेवला.

"नाही विकायची," तो म्हणाला.

"शब्द दिला होता तुम्ही."

"तो दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीचा होता. ही चारांवर चालते हे मला काय माहीत? पावसाळ्यात मळ्यात जायला मी ट्रॅक्टर जुंपतो. उतरा खाली."

मी स्टिअरिंग धरून बसलो.

मागून आबा मालकाला म्हणाले, "भाऊ, घर जाय, आरसी बुक लयी ये. तवपावत मी गाडीमाच बसेल शे."

मालक दाराशी आला. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. हातानं फिरवायची काच होती. त्यांनी ती फिरवायला घेतली, आणि पार वरपर्यंत फिरवली.