चार वर्षांची सुमी

पानशेतच्या वाटेवर नवा वॉटर पार्क झालाय. तिकिटाच्या खिडकीवर पाटी होती, पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत. नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "चार सांग. आपली रेवा तेवढीच दिसते." तेवढ्यात आतल्या आकाशपाळण्याच्या ग्रीसचा वास आला.

आंबवड्याच्या जत्रेतल्या पाळण्याला हाच वास होता. मी तेव्हा सात वर्षांची होते. तिथंही लहानग्यांना पैसे पडत नसत. आई पाळणेवाल्याला म्हणाली, "चारच वर्साची हाय, दादा."

त्यानं मला निरखून बघितलं. "नाव काय गं तुजं?"

माझ्या लेखी चार वर्षांची पोर एकच होती, माझी धाकटी बहीण सुमी. आदल्या पावसाळ्यात ती तापानं गेली आणि तिचं वय तिथंच थांबलं. आईचं बोलणं खोटं पडू नये म्हणून मी म्हणाले, "सुमी."

आईनं माझा हात सोडला. पाळणा वर गेला आणि खालून तिची हाक आली, "सुमे, घट्ट धर गं!" तिचा इतका आनंदी आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मी ओ दिली. पुढंही आई अधूनमधून त्याच नावानं हाक मारायची आणि मी मुकाट ओ द्यायचे.

"सहा पूर्ण," मी खिडकीत सांगितलं. आतल्या माणसानं नाव विचारलं नव्हतं, तरी मी मोठ्यानं म्हणाले, "हिचं नाव रेवा आहे."