मांडीवरच्या तीन पकडी

अकराव्या वर्षी माझे वरचे पुढचे दात इतके बाहेर आले होते की ओठ मिटत नसत. म्हणून एका रविवारी आई मला मोहाडीहून एसटीनं भंडाऱ्याला घेऊन गेली. नागपूरचे एक दातांचे डॉक्टर तिथे रविवारी येत. दात फक्त आत सरकवायचेत, असं आई म्हणाली होती. माझा विश्वास नव्हता. आदल्या वर्षी चुलतबहिणीला 'नुसतं दाखवायला' नेलं होतं आणि ती गालात कापूस धरून परतली होती.

माप घ्यायला डॉक्टरांनी तोंडात साचा घातला तेव्हा मी त्यांच्या बोटाला चावले. शेवटी आईनं आणि नर्सबाईनं धरून ठेवलं, तेव्हा कुठे माप मिळालं. पुढे टाळूला बसणारी, तारेची प्लेट आली. ती दिवसरात्र लावायची होती. मी ती घरी आईसमोर लावायची आणि शाळेच्या वाटेवर कंपासपेटीत, रात्री उशाखाली टाकायची. तारेनं आधी दात ढिले करतील, मग अलगद काढून घेतील, असा माझा पक्का संशय होता.

दोन महिन्यांनी तपासणीला गेलो, तेव्हा प्लेट तोंडात नीट बसेना. "ही तर नवीकोरी दिसते," डॉक्टर म्हणाले.

"दिवसभर लावूनच राहते जी," आई म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.

डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि मला कारण विचारलं.

"तार दात ढिले करते. मंग तुमी उपटता."

ते हसले नाहीत. दात काढायची पक्कड त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाले, तू इथे असेपर्यंत ही तुझ्याजवळ.

"दुसरी असन."

त्यांनी खण उघडला. आत आणखी दोन होत्या, त्याही दिल्या. मी उठून खण स्वतः तपासला, सुया उकळायच्या डब्यातही डोकावले. मग खुर्चीत बसून तोंड उघडलं.

त्यानंतर मी प्लेट खरंच लावू लागले. बोलणं बोबडं झालं, तर मी तोंडात चिंच ठेवते असं गुरुजींना वाटे. आईचा संशयही गेला नाही. मधल्या सुट्टीत शाळेत येऊन ती सगळ्यांसमोर माझं तोंड उघडून बघायची.

दीड वर्षात ओठ मिटू लागले. एक दात जरा तिरपाच राहिला. सुरुवातीचे दोन महिने वाया गेले म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. आई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. तिला मी ते कधी सांगितलं नाही.